आनंदवाचनाचा एक महिना : मागे वळून पाहताना
(कर्जत व खालापूर तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासासाठी)

प्राथमिक शाळेतील मुलास वाचावयास शिकविणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय. आणि वाचावयास शिकलेल्या मुलास आपण होऊन वाचावेसे वाटेल असे करणे, हे दुसरे. पहिल्या कर्तव्याची तपासणी होते, मोजमाप होते, त्यावर शेरे लिहिले जातात. दुसऱ्याचे मोजमाप कठीण असल्यामुळे ते बहुधा मागे पडते. वस्तुतः पहिल्याचे फळ दुसऱ्यावर अवलंबून असते. चौथीत बरे वाचणारा मुलगा पुढे शाळा सुटली, की काही वर्षांत अक्षर विसरू लागतो, हा खेड्यातील जुन्या शिक्षकांचा अनुभव आहे. ज्यास वाचनाची गोडी लागली, तो मात्र वाण्याकडच्या पुडीचा कागदही उलगडून वाचतो. त्याचे अक्षर टिकते.

ही गोडी लागावी म्हणून अलीकडच्या काळात अनेक उपक्रम झाले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. २०२२ च्या जानेवारीत केंद्र शासनाने बालवाटिका ते आठवीच्या मुलांसाठी शंभर दिवसांचे वाचन अभियान सुरू केले. २०२४ च्या पावसाळ्यात राज्यात तिसरी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी महावाचन उत्सव झाला. आवडीचे पुस्तक वाचावे आणि त्याविषयी थोडे लिहून किंवा बोलून पाठवावे, अशी ती योजना होती. अशा उपक्रमांच्या निमित्ताने किंवा स्वतःच्या प्रेरणेने ज्या शाळा महिनाभर रोजचा काही वेळ केवळ आनंदासाठी वाचनाला देतात, त्यांनी महिना संपल्यावर काय पाहावे, याचा विचार या पाठात केला आहे.

१. संख्या काय सांगते व काय सांगत नाही

महिन्याच्या अखेरीस शाळेच्या हाती सामान्यतः एक तक्ता उरतो. एका बाजूस मुलांची नावे, दुसऱ्या बाजूस वाचलेल्या पुस्तकांची संख्या. तक्ता उपयोगी आहे यात शंका नाही. परंतु तो वाचण्याचीही एक रीत आहे.

समजा, एका मुलीच्या नावापुढे बावीस पुस्तके आहेत आणि एका मुलाच्या नावापुढे एकच. बावीस पुस्तकांतील पुष्कळशी दर पानावर एक ओळ असलेली चित्रपुस्तके असू शकतील. एका पुस्तकाचा मुलगा मात्र ते पुस्तक रोज मागून घेत असेल, त्यातील बैलाच्या चित्रावर बोट ठेवून शेजाऱ्यास गोष्ट सांगत असेल, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याने ते प्रथमच न अडखळता वाचले असेल. तक्त्यावरून पहिली मुलगी पुढे आणि दुसरा मुलगा मागे ठरतो. वाचनाच्या दृष्टीने दोघांचीही प्रगती झाली आहे, आणि मुलाची प्रगती कदाचित मोठी आहे. तेच पुस्तक पुन्हा वाचणे हा आळस समजू नये. लहान मूल तीच गोष्ट आजीला पुन्हा सांगावयास लावते, त्याच ओढीने ते तेच पुस्तक पुन्हा उघडते. आणि पुनरावृत्तीनेच शब्द डोळ्यांच्या ओळखीचे होतात.

फ्रान्समधील शिक्षक व कादंबरीकार दानिएल पेनाक यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाचकाचे दहा हक्क सांगितले. न वाचण्याचा हक्क, पाने गाळण्याचा हक्क, पुस्तक अर्धे सोडण्याचा हक्क आणि तेच पुन्हा वाचण्याचा हक्क हे त्यांपैकी होत. मोठी माणसे हे हक्क रोज वापरतात. वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कोणी वाचीत नाही. मुलाने मात्र घेतलेले पुस्तक पुरे केलेच पाहिजे, असा आग्रह धरला जातो. ज्या महिन्याला आनंदवाचनाचे नाव दिले, त्या महिन्यात तरी हा आग्रह सोडावयास हवा. मुलाने सोडून दिलेल्या पुस्तकांची नोंद ठेवल्यास शाळेत कोणती पुस्तके नकोत, हेही शिक्षकास कळते.

२. एका वर्गात तीन गट

कोणत्याही वर्गाकडे नीट पाहिले, तर तीन प्रकारची मुले दिसतात. काहींना अद्याप अक्षरे जोडून वाचता येत नाही. काहींना येते, पण ती आपण होऊन वाचीत नाहीत. काही मुले मिळेल ते वाचतात. द्विशिक्षकी शाळेत हे तिन्ही गट एकाच खोलीत आणि अनेकदा एकाच बाकावर असतात. महिन्याचा आढावा तिन्ही गटांसाठी वेगवेगळा घ्यावा लागतो.

सर्वांनी पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ बसून आपापले पुस्तक मनात वाचावे, ही पद्धत अमेरिकेत गेल्या शतकाच्या सातव्या दशकात प्रसार पावली आणि पुढे जगभर गेली. तिच्याविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. २००० साली अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीने उपलब्ध संशोधनाची छाननी केली, तेव्हा केवळ अशा मूक वाचनाने वाचनाचा ओघ सुधारतो, असे म्हणण्यास पुरेसा आधार त्या समितीस आढळला नाही. मूक वाचन निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ज्यास वाचता येत नाही, तो मूक वाचनाच्या वेळी केवळ पाने उलटीत बसतो, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले सत्य त्यामागे आहे.

म्हणून पहिल्या गटासाठी शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखविणे हाच खरा वाचनानंद होय. पुस्तक मुलांकडे वळवून धरावे, ओळीखालून बोट फिरवावे, रंगात आलेल्या ठिकाणी थांबून ‘पुढे काय होईल?’ असे विचारावे. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक त्या मुलांच्या हाती द्यावे. गोष्ट ठाऊक असल्याने अक्षर ओळखणे सोपे जाते. दुसऱ्या गटास जोडीने वाचावयास बसवावे. तिसऱ्या गटास पुस्तके पुरवावी आणि शक्य तितके मोकळे सोडावे. या गटातील मोठ्या मुलांनी धाकट्यांना रोज एक गोष्ट वाचून दाखविली, तर शिक्षकाचे काम हलके होते आणि वाचणाऱ्या मुलासही श्रोता मिळतो.

या सर्वांत शिक्षक स्वतः काय करतो, यावर पुष्कळ अवलंबून आहे. वाचनाच्या वेळी गुरुजी माहितीचे तक्ते भरीत बसले किंवा बाई भ्रमणध्वनीवरील संदेशांना उत्तरे देत राहिल्या, तर वाचन ही केवळ मुलांवर सोपविलेली गोष्ट आहे, असे मुले समजतात. त्या वीस मिनिटांत शिक्षकानेही आपले पुस्तक उघडावे. ज्या घरांत पुस्तक नाही, त्या घरांतील मुलाने मोठे माणूस वाचनात रमलेले पाहिले, तर ते शाळेतच पाहिलेले असते.

३. बक्षिसाचा प्रश्न

सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्यास बक्षीस देण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. हेतू चांगला असतो. परिणामाविषयी मात्र सावध राहावयास हवे. १९७३ साली लेपर, ग्रीन व निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बालवर्गातील मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले त्यांनी निवडली. काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल, असे आधी सांगितले. काहींना न सांगता नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात मुले काय करतात, हे पाहिले. ज्यांना आधी बक्षीस कबूल केले होते, त्यांनी चित्रांना इतरांच्या मानाने निम्म्याच्या आसपासच वेळ दिला. आवडीने करावयाचे काम बक्षिसासाठी करावयाचे झाले, आणि बक्षीस संपताच आवडही ओसरली.

वाचनालाही हे लागू पडण्याचा संभव मोठा आहे. शिवाय संख्येवर बक्षीस ठेवले, की मुले लहान व सोपी पुस्तके घेतात, न वाचता वाचले म्हणतात, आणि पहिल्या गटातील मूल स्पर्धेतून पहिल्याच दिवशी बाद होते. कौतुक करावयाचेच असेल, तर ते सर्वांचे व वाचनाशी निगडित असावे. ‘आज या मुलीने सांगितलेली गोष्ट आपण सर्वांनी ऐकू या’ हे उत्तम बक्षीस होय. पुढचे पुस्तक प्रथम निवडण्याचा मान हेही तसेच.

हीच काळजी वाचनानंतरच्या लेखनाविषयी घ्यावी. प्रत्येक पुस्तकानंतर दहा ओळींचा सारांश लिहिण्याची सक्ती झाली, की मूल पुस्तक उघडतानाच सारांशाच्या चिंतेत पडते. महिन्यातून एखाद्याच, मुलाने स्वतः निवडलेल्या पुस्तकावर लिहून घ्यावे. ज्यास लिहिता येत नाही, त्याने चित्र काढावे किंवा तोंडी सांगावे.

४. कपाट आणि दोरी

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. बऱ्याच शाळांत पुस्तके आलेलीही आहेत. अडचण येते ती कुलपाची. पुस्तक जडसंग्रह नोंदवहीत चढते, आणि ते फाटले किंवा हरवले तर उत्तर द्यावे लागेल, या भीतीने कपाटात बंद राहते. परिणामी पाच वर्षांनी ते कोरे करकरीत पण वाळवी लागलेले सापडते.

ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरासाठी आहेत, हा त्यांतील पहिला. प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हे पुढचे चार. हे नियम मोठ्या ग्रंथालयांइतकेच दोन खोल्यांच्या शाळेलाही लागू आहेत. वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या हातास पोहोचेल अशा उंचीवर सुतळीची दोरी बांधून तिच्यावर पुस्तके टांगली, तर वाचकाचा वेळ वाचतो आणि मुखपृष्ठ समोर दिसल्याने पुस्तकास वाचक मिळतो. देवघेवीची वही पाचवीतील मुलामुलींनी आळीपाळीने सांभाळावी. वाचून झिजलेल्या पुस्तकाची रीतसर नोंद ठेवून निर्लेखनाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावा. वाळवीने खाल्लेल्या पुस्तकापेक्षा मुलांच्या हातांनी झिजलेले पुस्तक शाळेस केव्हाही अधिक शोभा देते.

आपल्या मुलखात पावसाची अडचण मोठी आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी चार महिने हवेत ओल असते. पुस्तकांना बुरशी येते, पाने चिकटतात. दोरीवरील पुस्तके मोकळी राहत असल्याने ती कपाटातील पुस्तकांपेक्षा कमी बुरसतात. उघडीप पडताच ती उन्हात न ठेवता वाऱ्यावर सुकवावी. घरी नेताना मुलांनी दुधाच्या धुतलेल्या मोठ्या पिशवीत पुस्तक गुंडाळून न्यावे.

पुस्तके कमी असल्यास शेजारच्या शाळांनी ती फिरती ठेवावी. ही कल्पना जुनी आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून आपल्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले, आणि जेथे ग्रंथालय नाही अशा खेड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत्या ठेवल्या. एका केंद्रातील शाळांनी तीस-तीस पुस्तकांच्या पेट्या करून दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत त्यांची अदलाबदल केली, तर एकही रुपया खर्च न होता प्रत्येक शाळेस वर्षातून अनेक नवी ग्रंथालये लाभतील.

ज्या शाळांत संगणक किंवा दूरदर्शन संच आहे, त्यांना आणखी दोन साधने उपलब्ध आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ च्या नोव्हेंबरपासून प्रसिद्ध होत असून त्याचे जुने अंक महाजालावर मोफत वाचावयास मिळतात. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संग्रहात मराठी चित्रकथा वाचनपातळीप्रमाणे लावलेल्या आहेत आणि त्या छापून घेण्याची मुभा आहे.

५. घरची भाषा आणि आपल्या मुलखाच्या गोष्टी

कर्जत व खालापूर या तालुक्यांत दोन प्रकारची गावे शेजारी शेजारी आहेत. नेरळ, कर्जत, चौक, खोपोली या रेल्वे व हमरस्त्यालगतच्या गावांत मुलास जन्मापासून अक्षरे दिसतात; स्थानकाची पाटी, दुकानांचे फलक, गाड्यांवरील मजकूर. माथेरानच्या उतारावरील किंवा राजमाचीच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीत शाळेच्या भिंतीवाचून अक्षर फारसे दिसत नाही. या वाड्यांतील मुले बहुधा कातकरी किंवा ठाकूर समाजातील असतात आणि घरी त्या त्या समाजाची बोली बोलतात. त्यांच्यासाठी पुस्तकातील प्रमाण मराठी ही निम्मी ओळखीची, निम्मी परकी भाषा असते. अशा मुलाने पुस्तक बाजूस ठेवले, तर त्यास आवड नाही असा निष्कर्ष घाईने काढू नये. त्यास भाषेचा उंबरठा ओलांडावयाचा असतो.

तो ओलांडण्याचा सोपा मार्ग म्हणजे मुलांच्याच गोष्टी लिहून घेणे. वाडीतील आजीने सांगितलेली गोष्ट मुलाने वर्गात आपल्या बोलीत सांगावी, शिक्षकाने ती त्याच शब्दांत मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवावी, मुलांनी चित्रे काढावी आणि पाने शिवून पुस्तक करावे. खाली प्रमाण मराठीतील ओळ लिहिल्यास दोन्ही भाषा एकमेकींना हात देतात. आपण बोललेले शब्द कागदावर उमटतात आणि दुसऱ्यास वाचता येतात, हा शोध मुलाच्या दृष्टीने लहान नाही.

मोठ्या मुलांसाठी मुलखातील विषय पुष्कळ आहेत. माथेरानचे हुतात्मा भाई कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांनी २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात देह ठेवला. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी आगगाडी १९०७ साली सुरू झाली. खोपोलीच्या वीजगृहातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. कोंडाणे येथे डोंगरात कोरलेली प्राचीन बौद्ध लेणी आहेत. यांपैकी प्रत्येक विषयावर शिक्षकाने सोप्या भाषेत दोन पाने लिहिली, तर रोज दिसणाऱ्या डोंगराविषयी व नळाविषयी वाचताना मुलाचे डोळे कसे चमकतात, हे प्रत्यक्ष पाहावे.

गोष्टीच्या सामर्थ्याविषयी गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. त्यातील शिक्षक चौथीच्या दंगेखोर वर्गास प्रथम गोष्टी सांगतो आणि त्या गोष्टींच्या वाटेनेच मुलांना पुस्तकांकडे नेतो. भावनगर येथे गिजुभाईंसमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी शिक्षणकार्य उभे केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळेनेच कुरणात जावे, या विचारातून तेथे कुरणशाळा चालल्या. आपल्या प्रश्नाचे उत्तरही याच दिशेने शोधावे लागते.

६. महिना संपल्यावर वीटभट्टी

वाचनाचा महिना कोणता असावा, हा प्रश्न आपल्या तालुक्यांत केवळ सोयीचा नाही. आषाढात भातलावणीच्या दिवसांत मोठी मुले शेतावर किंवा धाकट्या भावंडांजवळ असतात. हजेरी विरळ होते. वाचन प्रेरणा दिन येतो, तेव्हा कापणीचे दिवस आणि दिवाळीची सुटी जवळ आलेली असते. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे ज्या मुलास वाचनाची सर्वाधिक निकड आहे, त्याच्या वाट्यास लावणी संपल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळच सलग शाळेचा म्हणून येतो. शक्य तेथे आनंदवाचनाचा महिना भाद्रपदाच्या सुमारास घ्यावा, हे त्यामुळे हिताचे ठरते.

परंतु महिना कधीही घेतला, तरी पुढचा प्रश्न उरतोच. महिनाभर जे मूल पुस्तकात रमले, ते सहा महिने भट्टीवर गेले, की त्याच्या हाती काय उरते? स्थलांतर करणाऱ्या मुलास दुसऱ्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड देण्याची तरतूद आहे. जेथे शक्य आहे तेथे हंगामी वसतिगृहाचीही व्यवस्था होते. या दोहोंचा लाभ मुलास मिळवून देणे हे शिक्षकाचे कामच आहे. त्याबरोबरच कार्डासोबत चार-पाच पुस्तकांची एक गाठोडी मुलाच्या हाती द्यावी. त्यात एक त्याचे सर्वांत आवडते, दोन त्यास वाचता येणारी, एक थोडे कठीण आणि एक त्याने स्वतः तयार केलेले असावे. ती पुस्तके परत येतील किंवा येणार नाहीत. भट्टीच्या धुरळ्यात ती मळतील, हे तर निश्चितच. तरीही संध्याकाळी झोपडीच्या दारात बसून ते मूल धाकट्या बहिणीस बैलाची गोष्ट वाचून दाखवील, तर तेवढा वेळ ते शाळेतच असेल. पावसाळ्याच्या आरंभी ते परत येईल, तेव्हा त्याचे अक्षर जागे असेल.

हे भाबडे आशावादी चित्र आहे, असे कोणास वाटेल. २००० साली अनेक देशांतील पंधरा वर्षांच्या मुलांची पिसा ही तुलनात्मक परीक्षा झाली. तिच्या वाचनविषयक अहवालात एक लक्षणीय गोष्ट आढळली. ज्यांच्या आईवडिलांचे व्यवसाय सर्वांत खालच्या स्तरातील होते, परंतु जी स्वतः आवडीने व विविध प्रकारचे वाचीत होती, त्या मुलांचे वाचनाचे सरासरी गुण उच्च व्यवसायांतील पालकांच्या, पण वाचनात रस नसलेल्या मुलांपेक्षा अधिक भरले. चांगले वाचता येते म्हणून आवड लागते, की आवड लागते म्हणून चांगले वाचता येते, हे अशा तुलनेवरून ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींना वाढवितात असे मानणे सयुक्तिक होय. तथापि घराची गरिबी ही वाचनाच्या वाटेवरील भिंत आहे, दार बंदच आहे, असे मानण्याचे कारण नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. मुलाचे घर बदलणे शिक्षकाच्या हाती नसते. त्याच्या हाती पुस्तक देणे मात्र असते.

७. मागे वळून पाहण्याची रीत

महिना संपल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकाने एका पानावर पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावी. ही उत्तरे वरिष्ठांस पाठविण्यासाठी नसून स्वतःसाठी आहेत.

(१) महिना संपल्यावरही पुस्तक मागावयास कोण आले? त्यांची नावे लिहावी. हाच उपक्रमाचा खरा निकाल होय.

(२) कोणत्या मुलाने महिन्याभरात एकही पुस्तक आपण होऊन घेतले नाही? त्याचे कारण वाचता न येणे, भाषा, डोळ्यांचा दोष, गैरहजेरी की आवडीचे पुस्तक नसणे? प्रत्येक कारणास उपाय वेगळा आहे. फलकावरील अक्षर पाहताना डोळे बारीक करणाऱ्या मुलास आरोग्य तपासणीची गरज असते, उपदेशाची नव्हे.

(३) कोणती पुस्तके सर्वांत अधिक झिजली आणि कोणती कोरी राहिली? पुढील खरेदीची यादी या उत्तरावरून करावी.

(४) पुस्तक घरी गेले, तेव्हा तेथे ते कोणी ऐकले? आजी, आई, धाकटे भावंड यांपैकी कोणी ऐकले असेल, तर ते घर शाळेस जोडले गेले.

(५) दिवाळीनंतर कोणती मुले गावाबाहेर जाणार आहेत, आणि त्यांच्या गाठोडीत कोणती पुस्तके असतील?

या पाच उत्तरांस अर्धा तास पुरतो. पुढच्या वर्षी महिना सुरू होण्याआधी तेच पान काढून वाचावे. ज्या मुलाचे नाव गेल्या वर्षी दुसऱ्या प्रश्नाखाली होते, ते यंदा पहिल्या प्रश्नाखाली आले, तर शिक्षकास त्याहून मोठे समाधान क्वचितच मिळेल.

समारोप

वाचनाचा महिना म्हणजे शेतीतील पेरणीसारखा असतो. पेरणी झाली, की शेतकरी घरी बसत नाही. तो बांध पाहतो, पाणी वळवितो, विरळ झालेली जागा पुन्हा लावतो. महिन्यात लावलेली गोडी वर्षभर टिकावयाची, तर रोजच्या वेळापत्रकात वाचनासाठी वीस मिनिटे कायमची राखावी लागतील. २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी सुरू झालेल्या आनंददायी शनिवारात गोष्ट वाचून दाखविण्यास एक तास सहज देता येतो. दोरी भिंतीवरून उतरवू नये. देवघेवीची वही बंद करू नये. एवढे झाले, तरी पुष्कळ झाले.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत वाचता न येणाऱ्या मुलांसाठी आनंदवाचनाच्या वेळेत काय केले जाते?
२. संख्येवर बक्षीस न ठेवता मुलांचे कौतुक करण्याचे तीन मार्ग सुचवा.
३. केंद्रातील शाळांसाठी फिरत्या पेटीची योजना आखा : पेट्या किती, पुस्तके कोणती, अदलाबदल केव्हा?
४. आपल्या वाडीतील एक गोष्ट मुलांच्या शब्दांत लिहून पुढील परिषदेस आणा.
५. स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या गाठोडीसाठी आपल्या शाळेतील पाच पुस्तके निवडा व निवडीची कारणे सांगा.